पार्श्वभूमी : शेतकऱ्याची मुलगी 'बाई' कशी झाली

आमच्या घरातल्या बाई गेल्या तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या. नात्यानं वडिलांची आत्या, पण घरात, गावात, एसटी स्टँडवर, सगळीकडे त्या नुसत्या 'बाई'. तालुक्याच्या बातम्यांत दोन ओळी छापून आल्या : शेतकरी कुटुंबात जन्म, चाळीस वर्षं प्राथमिक शिक्षिका. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्या दोन्हींच्या मधे जो स्वल्पविराम आहे तो ओलांडायला महाराष्ट्राला शंभरएक वर्षं लागली. ही नोंद त्या स्वल्पविरामाची.

तेरावं झाल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, दोन जुनी धडुती आणि एक शंभर पानी वही. वहीवर काही लिहिलेलं नव्हतं. आत तारखा, तारखेपुढे मुलींची नावं, नावापुढे एक-दोन शब्द. 'धाकटा भाऊ.' 'गुरं.' 'भांगलण.' 'आई शेतावर, भाकरी.' 'पाहुणे बघायला आले.' कळायला जरा वेळ लागला. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर मुलापुढे फक्त एक खूण करायची असते. ती का आली नाही यासाठी तिथं रकानाच नाही. बाईंनी तो रकाना वेगळ्या वहीत मांडला होता.

मुली का शिकल्या नाहीत असं विचारलं की आपल्याकडे लगेच 'मानसिकता' हा शब्द पुढे येतो. बाईंच्या वहीत तो एकदाही नाही. तिथं आहे ते काम. शेतकऱ्याच्या घरात आठ वर्षांची मुलगी म्हणजे अर्धं माणूस कामाला. ती शाळेत गेली की घरातलं अर्धं माणूस कमी होतं, आणि ते कुणी भरून द्यायचं याचं उत्तर ज्यांनी ज्यांनी शोधलं त्यांच्याच शाळा चालल्या. बाकीच्यांचे ठराव झाले. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास मला तरी या एका बाजूनं वाचावासा वाटतो.

गंमत अशी की सुरुवात शेतकऱ्याच्याच मुलीनं झाली. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. लग्न १८४० मध्ये, नवव्या वर्षी. अक्षरओळख सासरी आल्यावर, नवऱ्याकडून. पुढे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण झालं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. शेण-दगडांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला १८५५ जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी फुले दांपत्यानं शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा काम सुटत नाही ना, मग शाळाच रात्री. आपल्याकडे घड्याळ शेताप्रमाणे लावणाऱ्या पहिल्या शाळांपैकी ती एक.

जोतिरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा ही मागणी आहे. सरकारचा महसूल भरतो कुणबी आणि त्या पैशावर शिकतात वरचे, हा हिशेबही आहे. त्यातलंच एक कलम मात्र फारसं कुणी आठवत नाही. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, वेळ आली तर नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वाकसाला हात घालायला ज्यांना लाज वाटणार नाही असे घ्यावेत, असं ते म्हणतात. अशी माणसं गावात मिसळतात, लोकांची अडचण त्यांना कळते, हे त्यामागचं कारण. 'मास्तर' म्हटल्यावर पगडी डोळ्यांपुढे यायची त्या काळात ही मागणी होती. त्यात शिक्षिकेचा वेगळा उल्लेख असता तर बाईंचं वर्णन सत्तर वर्षं आधीच लिहिलं गेलं असतं.

प्रत्यक्षात घडलं वेगळं. पुण्यात १८७०च्या सुमारास स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. तिथं येणाऱ्या बऱ्याच जणी शिक्षकांच्याच बायका, नाहीतर विधवा. पुढे पंडिता रमाबाईंचं शारदा सदन (१८८९), अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६), रमाबाई रानड्यांचं सेवासदन (१९०९) अशी मालिका उभी राहिली. संसारातून बाहेर फेकल्या गेलेल्या बाईला मास्तरीण करून पायावर उभं करायचं, हा या संस्थांचा मोठा उपकार. पण त्यांची दारं उघडायची ती शहरात, आणि मुख्यतः पांढरपेशा घरांसाठी. कुणब्याच्या विधवेपुढे तो प्रश्न तसा नव्हताच. ती आधीपासून रानात राबत होती, तिला 'पायावर उभं' कुणी करायचं? म्हणून पहिली शिक्षिका शेतकऱ्याची मुलगी असूनही दुसरी, तिसरी, शंभरावी शोधायला गेलं तर शेतावरच्या मुली विरळ दिसतात.

बहुजनांच्या बाजूनं दार उघडलं ते संस्थानांत. सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ मध्ये दत्तक जाईपर्यंत अक्षरशत्रू. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला, मुलींसकट. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा केला; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. दंडाची टिंगल तेव्हाही झाली असणार. पण दंडाचा अर्थ असा, की मुलाच्या कामाची घरात काहीतरी किंमत आहे हे राजानं ओळखलं होतं.

उरलेल्या मराठी मुलखात लोकल बोर्डाच्या शाळा होत्या. मारुतीच्या देवळात, चावडीत, कुणाच्या गोठ्याशेजारी. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथं मराठी मुलाला आधी उर्दूचा डोंगर. त्या भागात हे सगळं १९४८ नंतरच खऱ्या अर्थानं सुरू झालं. विदर्भात पापळच्या शेतकरी घरातून आलेल्या पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था १९३२ची. आणि आमच्या सातारा भागात रयत.

रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काल्यात निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. भाऊराव पाटलांना एक गोष्ट पक्की कळली होती. शेतकऱ्याच्या पोराला फी माफ करून भागत नाही, त्याच्या जेवणाची सोय लागते. म्हणून शाळेच्या आधी वसतिगृह. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. 'कमवा आणि शिका' हे आज भिंतीवरचं वाक्य झालंय, पण मूळ कल्पना साधी आहे : काम सुटत नाही तर कामालाच शाळेत आणा. मुलं शेतात, बांधकामावर राबायची आणि शिकायची. १९३५ मध्ये संस्थेनं खेड्यातले शिक्षक घडवायला साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं. पुढे मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय झालं. जोतिरावांचं रुमण्याचं कलम पन्नास वर्षांनी अमलात आलं म्हणायचं. तरी वसतिगृहांत बहुतेक मुलगेच. मुलीला परगावी ठेवायचं म्हणजे गावाला तोंड द्यायचं.

इथं आमच्या बाई या इतिहासात येतात.

त्यांचा जन्म १९३४चा, माण भागातला. पाऊस म्हणजे पाहुणा. गावात चौथीपर्यंत शाळा, पुढचे तीन वर्ग तीन मैलांवर. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल. 'फायनल' हा शब्द बाई शेवटपर्यंत असा उच्चारायच्या की आजच्या पीएचडीला तो मान नाही. कारण ती परीक्षा पास झालेला माणूस मास्तर होऊ शकत होता. हल्ली सातवी हा मधला एक वर्ग. तेव्हा ते गावातलं सगळ्यात वरचं शिखर. १९५१च्या जनगणनेत देशातल्या साक्षर स्त्रियांचं प्रमाण ८.८६ टक्के होतं. शंभरात नऊसुद्धा नाहीत. त्यात अख्खी फायनल झालेली शेतकऱ्याची मुलगी म्हणजे लोक वळून बघायचे.

एका योगायोगाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फायनल व्हायचं वय तेरा-चौदा. आणि १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं चौदा. १९४९ मध्ये ते पंधरा झालं. म्हणजे मुलगी नोकरीला लायक ठरायची नेमक्या त्याच वर्षी ती लग्नालाही कायद्यानं लायक ठरायची. दोन्ही दारं एकदम उघडायची आणि घरचे तिला कुठल्या दारातून ढकलायचे हे सांगायला नको. वय अठरा व्हायला १९७८ उजाडलं. बाईंच्या वहीत 'पाहुणे बघायला आले' ही नोंद सहावी-सातवीच्या मुलींपुढे आहे, आणि ती १९७८च्या नंतरही काही वर्षं येत राहते. कायद्याचं वर्ष आणि गावातलं वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही.

बाईंचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. नवऱ्यानं नांदवलं नाही. दीड वर्षात माहेरी परत. यावर त्या एवढंच बोलायच्या, "गेले आणि आले." तेव्हाच्या कितीतरी शिक्षिकांची गोष्ट अशी आहे, हे मी नंतर त्यांच्या बरोबरच्या बायकांकडून ऐकलं. संसार चालला असता तर फायनलचा दाखला सासरच्या उतरंडीत राहिला असता. तो मोडला म्हणून दाखला बाहेर निघाला. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. कर्व्यांच्या आश्रमातल्या विधवेची वाट पन्नास वर्षांनी माणदेशातल्या टाकलेल्या कुणबिणीपर्यंत पोचली, ती अशी.

१९५२ मध्ये स्कूल बोर्डाची नोकरी लागली, आधी अनट्रेण्ड, मग साताऱ्याला जाऊन ट्रेण्ड. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. बोर्डाचे मास्तर झेडपीचे गुरुजी झाले. बदल्या, बीडीओ, पंचायत समितीची मीटिंग ही सगळी शब्दसंपत्ती तेव्हापासूनची. त्याबरोबर आली शाळेबाहेरची कामं : जनगणना, मतदारयाद्या, आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या 'केसेस'. केस मिळाली नाही तर काय व्हायचं याबद्दल बाई बोलायच्या नाहीत, नुसत्या पदर सारखा करायच्या.

त्या वहीतल्या पहिल्या शब्दाकडे परत येऊ. 'धाकटा भाऊ.'

मोठी बहीण शाळेत येत नाही कारण कडेवर धाकटा असतो. त्याला घेऊन आली तर वर्गात तो रडतो, मुततो, पाटी चाटतो. या साध्या अडचणीवर महाराष्ट्रात सगळ्यात खोल विचार झाला तो डहाणूच्या बाजूला. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं मोठं काम करून आलेल्या, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. फायनल, ट्रेनिंग, चांदवडला आणि मग पुण्यात शिक्षिका. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी त्याच मुलखात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हे ध्यानात ठेवलं म्हणजे त्या शाळेची मुलं कुठल्या घरांतून यायची ते कळतं.

बालवाडी काढली, पण मुलं येईनात. म्हणून बालवाडीच उचलून वस्तीत नेली, कुणाच्या तरी अंगणात मांडली. अंगणातली वाडी, अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाट्यांवर दिसणारा हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तो सगळीकडे गेला. काम मग कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, नाव विकासवाडी. मोठीनं धाकट्याला घेऊनच यायचं. तो त्याच्या जागी, ती तिच्या वर्गात. 'धाकटा भाऊ' हे कारणच त्यांनी पटावर घेतलं.

आणि गुरं? गुरं राखणारी पोरं दिवसभर रानात. त्यांच्यासाठी कुरणशाळा. शिक्षिका कुरणात जायची, गुरं चरत असताना झाडाखाली शाळा भरायची. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या प्रयोगाला दोन परिच्छेद मिळतात. माझ्या मते त्याला सबंध प्रकरण हवं. शाळा म्हणजे इमारत नाही, हे भाषणात सगळेच म्हणतात. गाय उधळली की धडा थांबवून तिच्यामागे धावायची तयारी असलेली शाळा चालवून दाखवणं वेगळं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई पुढे एकोणीस वर्षं काम करत राहिल्या. १९८५ मध्ये पद्मश्री, २७ सप्टेंबर १९९२ला मृत्यू. ब्याऐंशी वर्षांचं आयुष्य, त्यातली निम्म्याहून अधिक त्या किनाऱ्यावर आणि टेकडीवर.

बाईंनी कोसबाड कधी पाहिलं नाही. पण त्यांच्या एकशिक्षकी शाळेत मागच्या भिंतीला एक गोधडी कायम अंथरलेली असायची. तिच्यावर तीन-चार धाकटी. इन्स्पेक्शनला साहेब आले की गोधडी गुंडाळून कपाटावर, धाकटी शेजारच्या म्हातारीकडे. साहेब गेले की पुन्हा गोधडी. एका साहेबांनी पटावरच्या आकड्यापेक्षा मुलं जास्त कशी असं विचारलं, त्यावर बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची आहेत, आत्तापासून सवय लावतेय." माझ्या वडिलांची अक्षरओळख त्या गोधडीवरची.

सरकारकडून उत्तरं सावकाश आली, पण आली. ऐंशीच्या दशकात मुलींची बारावीपर्यंतची फी माफ झाली. फीचा प्रश्न खरं तर खालच्या वर्गात नव्हताच, तो आठवीच्या पुढे होता. त्याहून मला मोलाची वाटते ती १९९२ची योजना : दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलीला हजेरीच्या दिवसाला एक रुपया. शाहूंच्या दंडाचा रुपया उलटा फिरून मुलीच्या घरी आला. रक्कम फुटकळच. भांगलणीची मजुरी त्यातून निघणार नव्हती. पण मुलीचा दिवस फुकटचा नसतो हे सरकारी कागदावर उमटलं. पाठोपाठ एसटीचा मोफत पास, ऊसतोड्यांच्या पोरांसाठी कारखान्यांवर साखरशाळा. साखरशाळा कागदावर फार छान दिसायच्या. फडावर पहाटे तीनला उठणारं पोर दहाला कुठल्या अवस्थेत असतं ते बघायला मात्र कुणीतरी जायला हवं होतं.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर स्त्रियांचं प्रमाण पाऊणशेच्या वर गेलेलं दिसतं. आधीचा आकडा देशाचा, हा राज्याचा; तरी साठ वर्षांतली उडी दिसतेच. तिच्यात बाईंसारख्यांचा वाटा किती, हे मोजायला काही साधन नाही.

राहिली शेती. 'शेतकरी कुटुंबात जन्म' ही ओळ छापणाऱ्यानं सहज लिहिली असेल, पण तिच्यात एक मेख आहे. बाई शेतकऱ्याच्या मुलगी होत्या, शेतकरी कधीच नव्हत्या. सातबारा भावांच्या नावे. त्यांच्या पगारातून विहीर पाडली, इंजिन बसवलं, १९७२च्या दुष्काळात दावणीची बैलजोडी राखली. उताऱ्यावर त्यांचं नाव नाही. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि बाईच्या नावावर जमीन हा विषय प्रथमच एवढ्या मोठ्यानं बोलला गेला. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुष्कळ नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. नवऱ्यांनी, बायकोच्या. बहिणीचा विषय त्यात नव्हता. राज्यानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. बाईंचं लग्न १९५०चं. दीड वर्ष टिकलेलं लग्न त्या कायद्याला पुरेसं होतं. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. तोवर त्यांनी तलाठ्यापुढे हक्कसोड लिहून दिलं होतं. आमच्याच घरानं लिहून घेतलं होतं, हे इथं लिहिणं भाग आहे. भाऊ-बहिणीत वाईटपणा नको म्हणून, असं तेव्हा सगळे म्हणाले. त्यांनी सही मात्र मोडीत केली. मोडी वाचता येणारं तिथं कुणी नव्हतं.

बाई १९९२ मध्ये निवृत्त झाल्या. सर्व्हिस बुकात रजांची पानं आहेत. जवळजवळ दरवर्षी माघ-फाल्गुनाच्या सुमाराला चार-पाच दिवस रजा, कारण 'घरगुती'. शंभर पानी वही काढून त्या तारखा लावून बघितल्या. मुलींच्या नावांच्या खाली, त्याच अक्षरात, त्याच शाईनं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंय. नावापुढे : 'शाळू काढणी.'